बावीस पावलांची तार

ज्या घरात अपत्ये जगत नाहीत, त्या घरात नव्या जिवाला टाकाऊ, नकोसे असे नाव ठेवण्याची रीत खानदेशात फार जुनी आहे. मृत्यूची दृष्टी सुंदर वस्तूवर पडते, उकिरड्यावरच्या वस्तूकडे तो ढुंकूनही पाहत नाही, अशी त्यामागची श्रद्धा. उखर्डूच्या आधी तीन भावंडे पाळण्यातच गेली होती. म्हणून तो जन्मला त्याच दिवशी सुइणीने त्याला सुपात घालून परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवले. रीतीप्रमाणे घरातल्या कुणीतरी ‘हे कुणाचे पोर सापडले’ असे म्हणत त्याला उचलून आणायचे होते. आई खाटेवर होती, वडील रानात होते. तेव्हा नऊ वर्षांची थोरली बहीण वच्छला पुढे झाली आणि तिने ते सूप उराशी धरून घरात आणले. पुढे पाच वर्षांत आई गेली आणि सुपातले ते पोर खऱ्या अर्थाने वच्छलेच्याच पदरात आले. उखर्डू तिला आयुष्यभर आक्का म्हणत आला, पण त्या शब्दात तो जे भरत असे ते आई या शब्दातही क्वचितच भरलेले मी ऐकले आहे.

वच्छलाबाईंचे सासर शिंदखेड्याचे. बत्तिसाव्या वर्षी त्यांचे पती निवर्तले. मंदा नावाची एकच मुलगी मागे राहिली. थोरले दीर शालिग्राम नाना सज्जन. त्यांनी भावजयीला आणि पुतणीला कधी अंतर दिले नाही. उखर्डू त्या काळात धुळ्याला टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खांबावरून पडून पाय अधू झाला तशी त्याने ती नोकरी सोडली आणि बहिणीच्या गावी, आमच्या शाळेच्या वाटेवर, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचे लहानसे दुकान घातले. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. येता-जाता त्याच्या बाकावर बसण्याचा परिपाठ पडला, आणि पुढची हकिगत काही डोळ्यांनी पाहिलेली, काही त्याच्या तोंडून ऐकलेली अशी माझ्यापाशी साठत गेली.

एक्क्याण्णव सालच्या वैशाखात मंदाचे लग्न ठरले. स्थळ रावेरचे, केळीच्या बागा असलेले घर. मांडव शिंदखेड्यालाच, शालिग्राम नानांच्या दारात. कन्यादान नाना आणि त्यांची पत्नी करणार हे उघडच होते. वच्छलाबाईंनी त्या दिवशी माजघरामागच्या खोलीत बसायचे, हेही तितकेच उघड होते. त्यांना तसे कुणी सांगितले नव्हते. अशा गोष्टी आपल्याकडे सांगाव्या लागत नाहीत; विधवा स्त्रीची पावले मंगल कार्याच्या उंबऱ्याशी आपोआप थांबतात, आणि ती थांबली म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

उखर्डूच्या मात्र आले. लग्नाच्या पंधरा दिवस आधी तो बहिणीकडे गेला. त्या गहू निवडत बसल्या होत्या.

“आक्का, तू मांडवमां येवाव नही, हाई माले मालूम शे,” तो म्हणाला. “पन मंदानं लगीन तू दखशी.”

“कसं रे? भिंतले डोळा फोडशी का?”

“भिंतले नही. तारले.”

“तुन्ही तार!” वच्छलाबाई हसल्या. “गये साल मन्हा रेडिओ नीट करी दिन्हा, तं जळगावना बदला इंदूर बोलाले लागनं.”

हसत होत्या, पण निवडता निवडता त्यांचा हात थांबला होता. त्यांनी हळूच विचारले, “खरंच दखाई का रे?”

“दखाई,” उखर्डू म्हणाला. त्या एका शब्दाला त्याने स्वतःला बांधून घेतले.

त्याची योजना अशी. धुळ्याचा लोटन हा लग्नाचे चित्रीकरण करण्यासाठी येणार होता. त्याच्या कॅमेऱ्यातून चित्राचा संकेत, म्हणजे सिग्नल, बाहेर काढता येत असे. तो संकेत तारेने मागच्या खोलीत न्यायचा आणि तिथे ठेवलेल्या कृष्णधवल टीव्हीवर दाखवायचा. मंगलाष्टकांचा आवाज तर खोलीत आपोआपच येणार होता. मांडवापासून त्या खोलीपर्यंत घरातून सरळ चालत गेले तर बावीस पावले होती. ती मी पुढे मोजली. पण लग्नघरात पायांत तार येऊन चालणार नव्हते, आणि दिव्यांच्या तारांपासूनही ती दूर ठेवायची होती. म्हणून त्याची तार मुख्य दारावरून, बाहेरच्या भिंतीने, छपराच्या कडेने वळसे घेत दीडशे फूट जाणार होती.

पहिल्या दिवशी त्याने दुकानात पडलेली साधी तार ताणून पाहिली. चित्र आले, पण त्यात एक काळा पट्टा खालून वर संथपणे चढत राहिला, आणि प्रत्येक आकृतीच्या पाठीशी तिची पुसट दुसरी आकृती उभी राहिली. मी तिथेच होतो. मला वाटले, झाले, एवढ्यावर भागेल. उखर्डू माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी अशुद्ध श्लोक म्हटला आहे.

“गुरुजी, पाहुणा दारापर्यंत येतो,” तो म्हणाला. “दारात त्याला कुणी ‘या’ म्हटलं नाही तर आल्या पावली परत जातो. संकेताचं तसंच आहे. तारेच्या टोकाला त्याच्या मापाचा रोधक, म्हणजे रेझिस्टर, नसला तर तो मागं फिरतो, अन् फिरताना आपलीच सावली काचेवर टाकून जातो.”

रोधक बसवला, आणि ती सावली नाहीशी झाली. काळा पट्टा मात्र राहिला. विजेच्या तारांची थरथर आपली तार वाटेत उचलते, असे त्याचे निदान. लाइनमन असतानाचे ज्ञान इथे उपयोगी पडले. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच येतो, आणि शेवटी दोघींमधला फरक तेवढा घेतला की उपद्रव आपोआप वजा होतो. मोडक्या रेडिओतली दोन लहान कडी काढून, त्यांवर बारीक तांब्याची तार वेढून त्याने दोन्ही टोकांना बसवण्याची सामग्री स्वतः तयार केली. टीव्हीच्या पोटात चित्रासाठी वेगळी वाट काढली. आता हवी होती पिळलेली तार.

त्यासाठी तो धुळ्याला गेला. दुकानदाराने एक पिवळा आणि एक काळा असे दोन गुंडाळे काढून दिले. दोन रंग असले म्हणजे कोणती तार कोणती, ही ओळख शेवटपर्यंत राहते. उखर्डूने काळा गुंडाळा परत केला.

“लगीनघरना दारवर काळी तार कशी चालई भाऊ?” तो म्हणाला. “दोन्ही पिवळ्याच द्या. हळदीच्या रंगाच्या.”

दोन्ही पिवळ्या तारांची टोके हातगिरमिटात धरून त्याने त्या दिवसभर पिळल्या. ओळखीसाठी दोन्ही शेवटांना एकेका तारेवर लाल दोऱ्याची गाठ मारली. मधल्या दीडशे फुटांत ओळखीची खूण कुठेही नव्हती; तिची गरज पडेल असे त्याला वाटलेच नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी लोटन लवकर आला. कॅमेरा तिवईवर लावून, जिथे वधू उभी राहणार त्या जागी उखर्डूने आपल्या पत्नीला, प्रमिलाबाईला उभे केले आणि स्वतः लंगडत मागच्या खोलीत गेला. टीव्ही तापायला थोडा वेळ लागला. मग काचेवर प्रमिलाबाई उमटली, इतकी रेखीव की तिच्या नथीचा मोती वेगळा दिसत होता. ना पट्टा, ना सावली.

“ओ प्रमिला!” वच्छलाबाई आतूनच ओरडल्या. “पदर नीट ले व माय, बठ्ठा गाव दखी ऱ्हायना!”

मांडवात हशा पिकला. पडद्यावरच्या प्रमिलाबाईने दचकून पदर सावरला. वच्छलाबाई उठल्या आणि त्यांनी काचेला बोटाने स्पर्श केला.

“मंदा याच जागे उभी ऱ्हाई का?”

“याच जागे.”

“मंग तू जाय आते. मामाले लई काम ऱ्हातस.”

जाण्यापूर्वी त्याने टीव्हीकडचे टोक नीट पाहिले. गर्दीत कुणाचा धक्का लागून तार निसटू नये म्हणून दोन्ही तारांना कथिलाचा पक्का डाग दिला. मग तो वऱ्हाडाच्या स्वागताला गेला, आणि लोटन कॅमेरा घेऊन वराच्या मिरवणुकीबरोबर.

दुपारी घरातल्या स्त्रिया आंब्याच्या पानांचे तोरण घेऊन दाराशी आल्या. दारावर एक पिवळीधमक तार आडवी ताणलेली होती. कुणी विचारपूर्वक तोरणासाठीच ती बांधून ठेवली आहे, असे त्यांना वाटले तर त्यात नवल काय? त्यांनी तोरण तिच्यावर टांगले, मग झेंडूची माळ, मग आणखी एक माळ. तार तुटली. शालिग्राम नानांचा मुलगा भटू जवळच होता. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात सबंध तालुक्यात नावाजलेला.

“काय व्हस नही काकू,” तो म्हणाला. “चार वळ मारी देस.”

त्याने तोरण खिळ्यांवर घेतले, तारांची टोके सोलली, दोन्ही बाजूंच्या तारा जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. कोणती कोणाला जोडली याचा त्याने विचार केला नाही. दिव्याच्या तारेला उलटे-सुलटे नसते. दिवा कसाही लागतो. काम नेटके झाले आणि तो वाढप्यांकडे निघून गेला. हे सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले नाही.

गोरज मुहूर्ताला अंतरपाट धरला गेला. त्या घराची रीत अशी, की मंगलाष्टके संपेपर्यंत मामाने कणकेचा पेटता दिवा दोन्ही हातांत घेऊन वधूच्या पाठीशी उभे राहायचे, आणि दिवा विझू द्यायचा नाही, पाऊल हलवायचे नाही. आई-वडिलांच्या ठायी उभा असलेला तो एक मनुष्य. मंदाला तर वडील नव्हतेच, आणि आई भिंतीपलीकडे. उखर्डू दिवा घेऊन उभा राहिला. लोटनने मिरवणुकीहून परतून कॅमेरा तिवईवर चढवला आणि तारेचे टोक जोडले.

पहिले मंगलाष्टक सुरू झाले तेव्हा प्रमिलाबाई गर्दीतून वाट काढत नवऱ्याच्या कानाशी आली.

“चित्तर बिघडनं,” ती कुजबुजली. “बठ्ठं आडवं फाटी ऱ्हायनं. मंदानं तोंड काळं, अन् केस धवळा दखातस.”

तेवढ्यावरून उखर्डूला सगळे कळले. चित्र गेले असते तर तार तुटली असे म्हणता आले असते. बर्फासारखे ठिपके असते तर जोड सैल. उजेडाच्या जागी अंधार आणि अंधाराच्या जागी उजेड येतो तो एकाच कारणाने. दोन तारांची अदलाबदल झाली आहे. कुठे तरी मध्ये जोड पडला आहे. अर्ध्या मिनिटाचे काम.

“टीव्हीमांगला तारा उलट्या कर,” तो म्हणाला, आणि लगेच त्याला सकाळचा तो कथिलाचा डाग आठवला. “नही व्हवाव तुना हाते. माले जावं लागी.”

“उखर्डू,” शालिग्राम नाना पुढे पाहतच दबक्या स्वरात म्हणाले, “हालू नको. दिवा शे हातमां.”

तो हलला नाही. मान मात्र त्याच्या ताब्यात राहिली नाही. ती मागच्या दाराकडे वळली. वराकडचे जीवरामभाऊ मोठे विनोदी गृहस्थ. त्यांनी ते पाहिले.

“मामा, पुढं पाहा ना भो!” ते म्हणाले. “पोरगी आम्ही रावेरले नेतो, मांगे काय राह्यलं आता?”

आजूबाजूचे हसले. उखर्डूही हसला, असे मला आठवते. भटजी प्रत्येक चरणाच्या शेवटी ‘सावधान’ म्हणत होते आणि अक्षतांचा सडा पडत होता. मी त्या उच्चारांत काही दोष ऐकत उभा होतो. आज त्याची लाज वाटते. कारण चार हातांवर एक मनुष्य आठ श्लोकांची लांबी मोजत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

वाजंत्री वाजली, अंतरपाट दूर झाला. उखर्डूने दिवा नानांच्या हाती दिला आणि तो अधू पायाने धावला.

खोलीत टीव्हीच्या काचेवर काळ्या-पांढऱ्या रेघांची तिरपी धूळधाण चालली होती. समोर वच्छलाबाई हात जोडून उभ्या होत्या. जमिनीवर, टीव्हीच्या माथ्यावर, खालच्या चौरंगावर कुंकू लावलेले तांदूळ पडलेले होते. प्रत्येक ‘सावधान’ला त्यांनी त्या फाटक्या चित्रावर अक्षता टाकल्या होत्या.

“आक्का...”

“मी दखं रे,” त्या मागे न वळता म्हणाल्या. “बठ्ठं दखं. पोर लई गोड दखाये.”

चिमट्याने तारा तोडून त्याने त्या उलट करून जोडल्या. काच एकदम निवळली. आरशासारखे स्वच्छ चित्र आले: रिकामा पाट, चुरगळलेला अंतरपाट, आणि कुणी तरी पंगतीसाठी जागा करावी म्हणून कडेला सारलेली सुपारीची तबके. मंदा तिथून गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने दारावरचा जोड शोधला. भटूला तो काहीच बोलला नाही. बोलण्यासारखे नव्हतेच, चूक एकाच रंगाची तार घेणाऱ्याची, असे तो मला म्हणाला.

लोटनने कॅसेट आणून दिली. ती मंदाबरोबर रावेरला गेली. वच्छलाबाईंनी ती पाहण्याची इच्छा कधी दर्शवली नाही. ‘सगळे पाहिले’ असे एकदा म्हणून बसल्या होत्या. आता पाहायला मागणे म्हणजे तेव्हा काही दिसले नव्हते, हे भावाला सांगणे. आणि उखर्डूही दाखवतो म्हणाला नाही, कारण तसे म्हणणे म्हणजे बहिणीचे ते बोलणे खोटे ठरवणे. एकमेकांना जपता जपता दोघांनी पाच वर्षे त्या कॅसेटचे नाव घेतले नाही. मंदाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

म्हणूनच शहाण्णवच्या दिवाळीत माहेरी आलेल्या मंदाने आपल्या लहान मुलीला आईचे लग्न दाखवावे म्हणून ती कॅसेट सहज बरोबर आणली. उखर्डूने दुकानातला व्हीसीआर बहिणीच्या खोलीत नेऊन जोडला. वच्छलाबाईंच्या एका डोळ्यात एव्हाना मोतीबिंदू उतरला होता. त्या टीव्हीच्या अगदी जवळ बसल्या.

मंगलाष्टके आली. मंदा मान खाली घालून उभी. तिच्या पाठीशी दिवा धरलेला मामा. सगळा मांडव वधूवरांकडे पाहतो आहे. त्या एकट्याची मान मागे वळलेली. पहिल्या अष्टकाला वळलेली, चौथ्याला वळलेली, आठव्यालाही. दिव्याचे तूप बोटांवर ओघळते आहे आणि त्याला त्याचे भान नाही. कॅमेऱ्याने ते सारे निर्विकारपणे टिपून ठेवले होते.

“मामा कुठं पाहताय हो?” मंदा हसून म्हणाली. मग मुलगी रडू लागली, म्हणून तिला घेऊन ती बाहेर गेली.

खोलीत दोघेच उरले. काचेवरून नजर न काढता वच्छलाबाई म्हणाल्या, “इतली तार टाकी तू. माले बलावी लेता ना.”

“तू येती का, आक्का?”

त्यांनी विचार केला. खोटे बोलण्याचा कंटाळा आलेल्या माणसासारखा तो विचार होता.

“नही येती,” त्या म्हणाल्या. “पन तू बलावाले जोयजे व्हतं.”

हे मला सांगताना उखर्डू हातातली दुरुस्ती थांबवून बाहेर रस्त्याकडे पाहत राहिला. पाहुण्याला दारात ‘या’ म्हणण्याविषयी तो पूर्वी बोलला होता, ते मला आठवले. त्याची आठवण त्याला करून देण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या स्वतःच्या मुलीचे लग्न निघाले. वच्छलाबाई आठ दिवस आधीच भावाच्या घरी येऊन राहिल्या होत्या आणि लग्नाच्या सकाळीच मागच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. मुहूर्त जवळ आला. मुलीच्या पाठीशी दिवा घेऊन प्रमिलाबाईचा भाऊ उभा राहिला. अंतरपाट धरायच्या वेळी वधूपिता आपल्या जागेवरून उठला आणि घरात गेला. काही राहिले असेल, असे लोकांना वाटले.

तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि मांडवात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “आक्का, चाल. तुन्ही भाची उभी शे.”

“मी येवाव नही. तू जाय,” आतून उत्तर आले.

त्याने दुसऱ्यांदा बोलावले. मग तिसऱ्यांदा. वृद्ध झालेले शालिग्राम नाना मान खाली घालून काठीची मूठ चोळत होते. ‘येऊ दे तिला’ एवढे तीन शब्द कुणीही उच्चारले असते तर काय झाले असते, कोण जाणे. मीही मांडवात होतो. अनेक धर्मग्रंथ वाचलेला मनुष्य म्हणून गाव माझ्याकडे पाहत असे. मीही उच्चारले नाहीत.

भटजींनी घड्याळ पाहिले आणि पहिला श्लोक उचलला.

मंगलाष्टके संपेपर्यंत उखर्डू परत आला नाही. बहिणीशेजारी जमिनीवर तो बसला. त्या खोलीत टीव्ही नव्हता, तार नव्हती. दोघे जण दाराकडे तोंड करून केवळ ऐकत राहिले. मी दाराच्या रेषेत उभा होतो म्हणून मला दिसले: प्रत्येक ‘सावधान’ला आतल्या अंधारातून अक्षतांच्या दोन मुठी बाहेर येत. काही दाणे माजघरात पडत, एखादा घरंगळत उंबऱ्यापर्यंत येई. मांडवापर्यंत त्यांतला एकही पोचला नाही.